व्हर्डीच्या भिंतीतलं चौकोनी भोक

स्लेट लिकमध्ये कुणालाही विचारा, व्हर्डी स्पर्लॉकने घरातल्या घरात बंदूक चालवली हे तो डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगेल. पेट्रोल पंपावरची ब्रँडी सांगते, चोर खिडकीतून आत शिरला आणि म्हातारीने त्याला भिंतीसकट उडवला. चर्चमध्ये पियानो वाजवणार्‍या बाई आधी 'मला काही म्हणायचं नाही हं' असं म्हणून घेतात, आवाज खाली आणतात आणि सांगतात, चोरबीर कुणी नव्हता, तिने सख्ख्या भावावर नेम धरला होता. टायरच्या दुकानातली पोरं तर भोकाचं मापही देतात. वासरू जाईल एवढं.

भोक आहे. वासरू जाईल एवढंही आहे. पण ते चौकोनी आहे, चारी कोपरे काटकोनात. चौकोनी भोक पाडणारी बंदूक एमरी टॅकेटच्या दुकानातसुद्धा मिळत नाही, आणि एमरीकडे नाही ती बंदूक या डोंगरात कुठेच नाही. ते भोक व्हर्डीने करवतीने पाडलं, भर दुपारी, अंगावरचा एप्रन न काढता. तेव्हा तिच्या घरात बंदूक नव्हतीच. नव्हती म्हणून तर पुढचं सगळं झालं.

व्हर्डी शाळेच्या भोजनगृहात वाढायला असते. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येकाने तिच्या हातचा राजमा आणि मक्याचा पाव खाल्लेला आहे आणि बोलणीही खाल्लेली आहेत. ती ओरडत नाही. राग आला की इतर लोकांचा आवाज चढतो, तिचा उतरतो. पळीभर रस्सा ताटात ओतून ती पळी भांड्याच्या काठावर एकदा आपटते, ठक्, आणि अगदी हळू म्हणते, "पुन्हा बोल." पुन्हा कुणी बोललेलं अजून ऐकिवात नाही.

नवरा हर्शेल गेल्यावर ती टेकडीखालच्या ट्रेलरघरात, म्हणजे चाकांवर आणून ठेवलेल्या पत्र्याच्या घरात, एकटीच होती. मग दोन वर्षांपूर्वी वसंतात नात आली, केंझी. तिची आई कुठे असते ते व्हर्डीला विचारायचं नसतं. केंझी कपड्यांची एक काळी कचर्‍याची पिशवी घेऊन आली आणि सोफ्यावर जाऊन बसली, कारण तोवर ती सोफ्यांवरच झोपत आली होती. लोकांच्या सोफ्यांवर, आणि सोफा नसेल तेव्हा गाडीच्या मागच्या सीटवर. व्हर्डीने दुसर्‍याच दिवशी धाकट्या भावाला, डेल्बर्टला, बोलावलं. "मोठ्या खोलीच्या त्या टोकाला भिंत घाल. पोरीला खोली पाहिजे." डेल्बर्टने एका शनिवारात, बिअरच्या साथीने, भिंत ठोकली. केंझीने त्या खोलीच्या छताला अंधारात चमकणारे तारे चिकटवले आणि दारावर कागद लावला: टकटक केल्याशिवाय येऊ नये. व्हर्डी टकटक करते. स्वतःच्या घरात, झाडू हातात घेऊन, ती टकटक करून उभी राहते.

म्हणजे घर असं झालं: एका टोकाला व्हर्डीची खोली, दुसर्‍या टोकाला केंझीची, आणि मधे बैठक, स्वयंपाकघर आणि बाहेरचं दार. हे लक्षात ठेवा. गावातल्या एकाही पुरुषाच्या हे लक्षात राहिलं नाही, आणि त्यातल्या एकाने तर ती भिंत स्वतः बांधली होती.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी दोघी चर्चमधून परत आल्या तर मागचं दार चौकटीतून निखळून लोंबत होतं. टीव्ही नव्हता. हर्शेलची जुनी बाराबोअर बंदूक, जी तीस वर्षं पलंगाखाली होती, तीही नव्हती. ओट्यावर मक्याचा पाव अर्धा खाल्लेला होता. जो कुणी आला होता तो घाईत नव्हता. तो केंझीच्या खोलीत गेला होता, दारावरचा कागद वाचला असेल नसेल, आणि चिखलाच्या बुटांसकट तिच्या पलंगावर आडवा झाला होता. उलटा, पाय उशीकडे करून. फुलाफुलांच्या अभ्र्यावर बुटाचा तळ जसाच्या तसा उमटलेला होता, नक्षीसह.

शेरिफचा माणूस आला तो सोमवारी. डोंगराला वळसा घालून यावं लागतं, असं त्याने बूट न काढता सांगितलं. "उशी धुऊ नका, पुरावा आहे. मी न्यायला येईन."

"कधी?"

"येईन ना, मॅडम."

ती उशी अजून कुणी न्यायला आलेलं नाही. व्हर्डीने ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवली. दर सकाळी शाळेला निघताना ती उशी तिच्या नजरेला पडायची आणि दर सकाळी तिचा आवाज थोडा आणखी खाली जायचा.

पण चोरापेक्षा तिला जास्त चीड आणली ती त्यानंतर मिळालेल्या सल्ल्यांनी.

एमरी टॅकेटच्या दुकानात कोंबड्यांच्या खाद्याची पोती, खिळे, गळ आणि मागच्या भिंतीवर बंदुका असं सगळं मिळतं. व्हर्डी शुक्रवारी पगार घेऊन तिथे गेली आणि डेल्बर्ट तिच्या मागोमाग शिरला, कारण आपल्या बहिणीला एमरी एकटाच सल्ला देतोय हे त्याला सहन झालं नसतं. हे दोघे शाळेत फुटबॉलच्या एकाच संघात होते आणि एका हुकलेल्या चेंडूवरून तेव्हापासून भांडताहेत. चेंडूचा विषय संपला की ट्रकचा निघतो, ट्रकचा संपला की बंदुकीचा.

"व्हर्डीबाई, खरं सांगू का," एमरी म्हणाला. एमरी काहीही सांगण्याआधी हे विचारतो आणि नको म्हणायला कुणाला सवड देत नाही. "खरं सांगू का, घरासाठी छर्‍यांची बंदूक. बाराबोअर. दुसरा विचारच नको. अहो, पुढची मूठ ओढून परत ढकलली ना की जो आवाज होतो, खट्-खटॅक, तो नुसता ऐकून चोराची पँट ओली होते. झाडायची वेळच येत नाही."

"मग तो आवाजच बांधून दे," व्हर्डी म्हणाली. "बंदूक राहू दे तुझ्याकडे."

डेल्बर्टने घसा खाकरला. डेल्बर्ट चूक बोलणार असेल तर आधी घसा खाकरतो, दोनदा आखूड आणि एकदा लांब, जसा थंडीत ट्रक सुरू होतो. "ताई, याचं ऐकू नकोस. याच्या त्या लोखंडी पहारीचा धक्का बसला की तुझा खांदा निखळेल. तुला पाहिजे रायफल. छोटी, काळी, हलकी. पोरगीसुद्धा उचलेल. तीस गोळ्या एका वेळी."

"तीस चोर येणार आहेत का?"

"तसं नाही गं. नेम चुकला तर."

"एकोणतीस वेळा?"

"डेल्बर्ट," एमरी काउंटरवर झुकला, "तुझ्या रायफलची गोळी चोरातून जाईल, फ्रिजमधून जाईल, आणि रस्ता ओलांडून मेथडिस्टांच्या चर्चमध्ये जाऊन बाकावर बसेल."

"तिथे तशीही बाकं रिकामीच असतात."

दोघेही हसले. भांडणारे पुरुष एकत्र हसले की समजावं, ज्या बाईचं काम आहे तिला ते विसरलेत.

व्हर्डीने हातातली पर्स काउंटरवर ठेवली. ठक्. "एकच विचारते. भिंतीतून जाते का?"

"बारीक छर्रे घाला, पक्ष्यांवरचे," एमरी म्हणाला. "भिंतीतच मरतात. पंचवीस वर्षं उभा आहे या काउंटरमागे."

"हलकी गोळी घे," डेल्बर्ट म्हणाला. "भिंतीला लागली की तिचा भुगा होतो. याचे छर्रे मात्र आरपार. चाळण होते."

"चाळण तुझ्या डोक्याची झालीय."

"कुठली भिंत, ते विचारा," व्हर्डी म्हणाली.

त्यांना ते ऐकू गेलं नाही. ते आता गोळीच्या वजनावर आले होते. व्हर्डीने पर्स उचलली आणि कोंबड्यांचं खाद्य घेऊन घरी गेली.

त्यानंतरचा महिना गावाने तिला शहाणं करण्यात घालवला. पाद्रीबुवा प्रार्थना संपल्यावर तिचा हात धरून म्हणाले, "देव रक्षण करतोच, पण मी स्वतः छर्‍यांचीच ठेवतो." मुख्याध्यापक ताट पुढे करून म्हणाले, "रायफल, मिसेस स्पर्लॉक, आता जमाना रायफलचा." दातांच्या डॉक्टरने तिच्या तोंडात दोन्ही हात घातलेले असताना बोरचे, म्हणजे नळीच्या मापाचे, प्रकार समजावून सांगितले आणि "पटतंय ना?" असंही विचारलं. जो तो येऊन आपल्याच घरातली बंदूक तिला विकत होता. चोर किती उंचीचा असेल, अंगावर जाड जाकीट असेल का, तो नशेत असेल तर किती गोळ्यांनी पडेल, याचा त्यांनी कीस काढला. त्यातल्या कुणी एवढंसं विचारलं नाही, की बाई, पोरगी कुठे झोपते.

ते विचारलं पोरीनेच. केंझी पहिल्या आठवड्यापासून बूट घालून झोपत होती. व्हर्डीला हे कळलं चादर धुताना.  ती रोज सकाळी चादर झटकायची, आणि झटकताना ओठ असे आवळलेले असायचे की शेजारचा कुत्रासुद्धा कुंपणापासून लांब जायचा.

एका शनिवारी दुपारी दोघी ओट्याशी घेवड्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. "आजी," केंझी म्हणाली, "आपण घरात असताना तो आला तर तू कुठून मारणार त्याला?"

"माझ्या दारातून."

केंझीने एक शेंग उचलून टेबलाच्या एका टोकाला ठेवली. "ही तू." दुसरी मधे ठेवली. "हा तो." तिसरी, लहानशी, तिने दुसर्‍या टोकाला ठेवली. मग तिन्हींवरून हवेत बोट फिरवलं, आजीपासून चोरापर्यंत, आणि बोट थांबवायला विसरल्यासारखं ते तिसर्‍या शेंगेपर्यंत गेलं.

"मी आडवी झोपेन," ती म्हणाली. "मग मला गोळी कमी लागेल."

व्हर्डी उठली. तिने बैठकीच्या टोकाच्या भिंतीवर, जिच्या पलीकडे केंझीचा पलंग चिकटून आहे, मुठीने एकदा ठोकलं. सकाळच्या कॉर्नफ्लेक्सचा रिकामा खोका वाजावा तशी ती वाजली. मग ती शेडमध्ये गेली, हर्शेलची करवत घेऊन आली आणि त्या भिंतीत मधोमध करवत घुसवली.

याच वेळी डेल्बर्ट दारात आला. गाडीतून रायफलांच्या जाहिरातीचं पुस्तक दाखवायला आणलं होतं त्याने. आत धूळ उडते आहे, बहीण पांढरीफटक झालेली, डोळे लाल, भिंतीतला मोठा तुकडा तिच्या हातात येतो आहे आणि पलीकडच्या चौकोनातून केंझीचे तारे दिसताहेत.

"ताई, अगं, काय करतेस?"

व्हर्डीने तुकड्याची कड त्याच्या नाकासमोर धरली. लाकडाचा आव आणणारा कागद चिकटवलेले दोन पातळ तक्ते आणि मधे पोकळी. "ही कुणी घातली?"

"मी."

"हिच्यात काय आहे?"

डेल्बर्टने घसा खाकरला. "हवा."

"आणि तू मला सांगितलंस, भिंतीला लागून गोळीचा भुगा होतो."

"भिंतीचं भिंतीवर असतं ना, ताई…"

"बाहेर," व्हर्डी म्हणाली. इतक्या हळू, की तो आधी पुढे आला, नीट ऐकायला, आणि मगच मागे वळला. पेट्रोल पंपावर पोचेपर्यंत त्याला काय सांगावं ते ठरवता येईना, म्हणून त्याने नुसतं सांगितलं, "ताईने भिंत उडवली. मी तिथेच होतो. थोडक्यात वाचलो." बाकीचं गावाने आपल्या हिमतीवर बांधलं.

नोव्हेंबरात अग्निशमन केंद्राच्या मागच्या मैदानात टर्की शूट असतो. नाव टर्कीचं असलं तरी जिवंत टर्की तिथे नसते. कागदावर फुली मारलेली असते, ज्याचा छर्रा फुलीच्या सगळ्यात जवळ पडेल त्याला गोठवलेली टर्की मिळते आणि जमलेल्या पैशांतून बंबाला नवे पाइप येतात. गावातला प्रत्येक बंदूकवाला तिथे असतो. एमरी काडतुसं विकायला टेबल लावतो. डेल्बर्टला रायफल आणायची परवानगी नसते, तरी तो ती ट्रकमध्ये ठेवून आणतो आणि दर वर्षी परवानगी का नसते यावर बोलतो.

त्या शनिवारी व्हर्डी हर्शेलचा ट्रक घेऊन आली. मागे भिंतीचा तुकडा होता. तिने तो मैदानाच्या टोकाला, डोंगराच्या कड्यासमोर, दोन गवताच्या गाठोड्यांमधे उभा केला. मग कपडे वाळत घालायची दोरी काढली, जिला तिने घरी आपल्या दारापासून त्या भिंतीपर्यंत धरून गाठ मारली होती, आणि तेवढं अंतर मोजून जमिनीवर टाचेने रेघ ओढली. तुकड्याच्या मागे ती काहीतरी करत होती, पण तिच्याकडे पाठ करून सगळे कुणाचा छर्रा फुलीला लागला यावर तावातावाने बोलत होते.

मग ती बंबाच्या पायरीवर चढली. "एमरी. डेल्बर्ट. इकडे या."

मैदान शांत झालं. शाळेत मधल्या सुट्टीत व्हायचं तसं. दाढीवाले बाप्ये, हातात बंदुका, आणि चेहरे तिसरीतले.

"एमरी, तुझे ते बारीक छर्रे. रेघेवर उभा राहा आणि भिंतीवर घाल. डेल्बर्ट, मग तू. तुझी ती हलकी गोळी. आज परवानगी आहे. आहे ना, चीफ?"

बंबाच्या चीफने मान हलवली. त्यालाही तिने तिसरीत वाढलेलं होतं.

एमरी खुशीत होता. "खरं सांगू का, व्हर्डीबाई, हे पंचवीस वर्षांपूर्वीच करायला हवं होतं." त्याने मूठ ओढली, खट्-खटॅक, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि झाडली. भिंतीवर बशीएवढा खड्डा पडला, आजूबाजूला बारीक टिंबं. "बघा, पसरले," एमरी म्हणाला. "दम संपला त्यांचा."

डेल्बर्टने ट्रकमधून रायफल आणली, गुडघा टेकला, जे करायची काही गरज नव्हती, आणि एकच गोळी झाडली. भिंतीवर वाटाण्याएवढं छिद्र. "हे बघ," तो म्हणाला. "स्वच्छ काम. भुगा झाला असणार आत."

"मागे जाऊन बघा," व्हर्डी म्हणाली.

दोघे गेले. एमरी आधी पोचला आणि तिथेच उभा राहिला. डेल्बर्ट त्याच्या खांद्यावरून बघायला पुढे आला आणि तोही थांबला. पुढचे लोक सरकून आले तेव्हा त्यांना दिसलं, की भिंतीच्या मागच्या बाजूला, जिथे घरी केंझीचा पलंग चिकटतो, तिथे व्हर्डीने खिळा मारून ती उशी लटकवली होती. फुलाफुलांचा अभ्रा, त्यावर वाळलेल्या चिखलाचा बूट. बुटाच्या टाचेच्या जागी आता मूठ जाईल असं भोक होतं, आतून कापूस बाहेर आलेला. आणि त्याच्या हातभर बाजूला एक छोटंसं छिद्र, ज्याच्यातून पलीकडचं मैदान दिसत होतं.

व्हर्डी मागून आली. तिचा आवाज इतका खाली गेलेला होता की माणसांनी टोप्या काढल्या, नीट ऐकू यावं म्हणून.

"आता सांगा," ती म्हणाली. "केंझीला कुठली जास्त बरी?"

एमरीने हातातली बंदूक पाठीमागे घेतली.

"महिनाभर तुम्ही मला चोर किती लांबून किती गोळ्यांत पडेल ते शिकवलंत. माझ्या घरी जेवून गेलाय तुमच्यापैकी प्रत्येक जण. डेल्बर्ट, पलंगसुद्धा तूच लावलास त्या भिंतीला. नऊ वर्षांची पोर माझ्याकडे येऊन सांगते की मी आडवी झोपेन म्हणजे मला कमी लागेल. हे तिला सुचलं. तुम्हाला नाही सुचलं. तुम्हाला बोर सुचला." तिने उशी खिळ्यावरून काढली, कापूस आत ढकलला. "पुरावा आहे हा. शेरिफच्या माणसाला सांगा, न्यायला ये."

डेल्बर्ट जमिनीकडे बघत म्हणाला, "ताई, चुकलं."

"चुकलं ना. मग उद्या चर्च सुटलं की दोघे माझ्याकडे या. अंगात ताकद असेल तर आणा, तोंड घरी ठेवा."

ती ट्रककडे निघाली तेव्हा ही हकीकत लिहिणारी पोर वाटेत उभी होती. स्लेट लिकमध्ये सगळ्यांना माहीत आहे की ही पोर लोकांचे आवाज काढते, आणि डेल्बर्टचा घसा तर ती इतका हुबेहूब खाकरते की त्याची बायकोसुद्धा फसते. तिने व्हर्डीला म्हटलं, "व्हर्डीमावशी, आता हे दोघे बंदुकीचा विषय जन्मात काढणार नाहीत. चेहरे बघितलेस ना?"

व्हर्डीने तिच्याकडे बघितलं. "उद्या माझा पलंग हलवायला येताहेत. तो दारातून निघायच्या आत काढतील."

"शक्य नाही."

"पैज?"

"पैज. मी जिंकले तर तू सहा थरांचा सफरचंदाचा केक करायचास."

"आणि मी जिंकले तर तू ईस्टरपर्यंत डेल्बर्टचा आवाज काढायचा नाहीस. घसासुद्धा खाकरायचा नाहीस. भाऊ आहे तो माझा. त्याला शिव्या द्यायच्या तर मी देईन."

दुसर्‍या दिवशी काय करायचं ते सगळं तिने आधीच ठरवून ठेवलं होतं. केंझीची खोली जाणार नाही, हे पहिलं. आयुष्यात पहिल्यांदा पोरीला दार मिळालं आहे, ते चिखलाच्या बुटांमुळे जाणार नाही. म्हणून व्हर्डीने आपली खोली तिला दिली. हर्शेलबरोबर चाळीस वर्षं ज्या खोलीत काढली ती. केंझी खुर्चीवर चढून तारे सोलून काढत होती आणि नव्या छताला चिकटवत होती. कागदही नव्या दारावर गेला. व्हर्डीचा पलंग त्या दाराच्या बाहेर, बैठकीत, अशा बेताने लागणार होता की जो कुणी आत येईल तो व्हर्डीच्या पुढ्यात असेल आणि पोरगी व्हर्डीच्या पाठीमागे. पुढ्यात आता ती भोकाची भिंत, तिच्यापलीकडे रिकामी खोली, बाहेरचा पत्रा आणि मग डोंगर. डोंगराला लागू दे काय लागायचं ते.

एवढं ठरल्यावर बंदूक निवडायला तिला एक मिनिटही लागलं नाही.

"छर्‍यांची दे, एमरी," ती म्हणाली. "हसू नकोस. तू म्हणतोस म्हणून नाही. हर्शेलची तीच होती, अंधारात हाताला तीच कळते. कुलपाची पेटीही दे. किल्ली माझ्या गळ्यात राहील. आणि तो खटॅक आवाज करून दाखवलास तर पैसे देणार नाही."

एमरी हसला नाही. डेल्बर्टचा चेहरा पडला, पण तोही गप्प राहिला. दोघांनी व्हर्डीचा पलंग उचलला, डेल्बर्ट पुढे, एमरी मागे. जड शिसवी पलंग, हर्शेलच्या आईचा. तो दाराच्या चौकटीत तिरका करावा लागला, मग सरळ, मग पुन्हा तिरका. घामाने दोघांचे शर्ट पाठीला चिकटले. व्हर्डी ओट्याला टेकून हाताची घडी घालून बघत होती. ही लिहिणारी पोर दारात उभी होती आणि मनातल्या मनात केकचे थर मोजत होती.

पलंग अर्धा बाहेर आला. डेल्बर्टला वळताना समोर ते चौकोनी भोक दिसलं. तो थबकला. पलंगाचं वजन दोन्ही हातांवर, मानेच्या शिरा तटतटलेल्या, आणि त्याने घसा खाकरला. दोनदा आखूड, एकदा लांब.

"नाही, मी काय म्हणतो," तो म्हणाला, "माझं छिद्र लहान होतं."

पलंगाच्या मागच्या टोकाकडून एमरी म्हणाला, "खरं सांगू का?"

"लहान म्हणजे लहान. तुझ्यासारखी मूठ नव्हती जात त्याच्यातून."

"अरे पण तुझी डोंगरात गेली. माझे छर्रे निदान उशीतच राहिले असतील."

"उघडून बघितलीस का उशी?"

"तू बघितलास का डोंगर?"

व्हर्डीने या लिहिणार्‍या पोरीपुढे हात केला, तळवा वर, पैज वसूल करायला.  ओट्यावर पळी होती ती उचलली आणि भांड्याच्या काठावर आपटली. ठक्. दोघे गप्प झाले आणि पलंग बाहेर आला.

ईस्टर एप्रिलात आहे. तोवर डेल्बर्टचा आवाज तोंडाने काढायचा नाही, हे कबूल. लिहिण्याबद्दल तिने काही अट घातली नव्हती.